आजोबांचं .३२ वेब्ली : आहे तसं जपावं की निकेल मारून नवं करावं?

करवीरकर
मंडळी, सल्ला हवाय. आजोबांचं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल वारसा परवान्यावर आता माझ्या नावावर झालंय. आजोबा गेल्यापासून डीलरकडे जमा होतं, परवाना हातात आल्यावर घरी आणलं. बर्मिंगहॅमचं आहे, घोडा बाहेर दिसणारा, मॅगझिन आठ गोळ्यांचं.

अवस्था अशी : स्लाइडचा (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मूळचा काळा-निळा रंग डाव्या बाजूला बऱ्यापैकी शाबूत, उजव्या बाजूला उडून करडा झालेला. उजवीकडे पुढच्या टोकाला गंजाचे बारीक खड्डे. मुठीवरच्या काळ्या पट्ट्यांपैकी उजवी तडकलीय. सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असतो तो खटका) जरा ढिली वाटते. नळी आतून चांगली आहे, आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) स्वच्छ दिसतात असं डीलर म्हणाला.

घरात दोन पक्ष पडलेत. धाकटा चुलतभाऊ म्हणतो निकेल मारून घे (म्हणजे निकेलचा चकचकीत मुलामा), शिसवी मूठ बसव, चारचौघांत काढलं तर दिसलं पाहिजे. काका म्हणतात वडिलांच्या वस्तूला हात लावायचा नाही. विकायचं नाहीये. वर्षाकाठी एखादवेळा रेंजवर चालवायचा विचार आहे, आणि मळ्यातल्या घरी असतो तेव्हा जवळ असावं एवढंच. तुम्ही काय कराल?

बारा_बोअर
फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

करवीरकर
फोटो टाकणार नाही. नंबर दिसतो, आणि घरात काय आहे ते गावभर कशाला.

बारा_बोअर
बरोबर आहे. मागणी मागे.

गंजपुराण
निकेलच्या नादाला लागू नका, एवढं आधी सांगतो. कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे.

निकेल खड्डे बुजवत नाही, उलट उठून दाखवतं. म्हणून प्लेटिंगच्या आधी खड्डे जाईपर्यंत धातू घासावा लागतो, आणि तो बफिंगच्या चाकावर घासतात. तुमच्या पिस्तुलावर कंपनीचं नाव, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (शस्त्र तपासून पास करणाऱ्या संस्थेचे) ठसे आणि नंबर आहे. चाक फिरलं की पहिल्यांदा तेच पुसट होतं. मग स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, सरळ धारेच्या कडा गोल होतात. जाणकार माणूस पिस्तूल हातात घेतल्यावर आधी अक्षरांच्या कडा बघतो. त्या गोल दिसल्या की वरचा रंग कितीही सुंदर असो, त्याला कळतं की हे चाकावर जाऊन आलंय.

दुसरं, विजेवर केलेल्या प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. सांगाड्याला एकवेळ चालेल, पण स्प्रिंग, फायरिंग पिन, सीअर (घोडा अडवून धरणारा खटका) असले भाग कोणी सरसकट टाकीत बुडवले तर ते कधी तुटतील याचा भरवसा नाही. सरसकट बुडवणारे मी पाहिलेत.

सेफ्टी ढिली आहे ही एकच गोष्ट मला तातडीची वाटते. बाकी सगळं थांबू शकतं.

माणदेशी
राव, एवढं काय त्यात. उद्यमनगरात बुलेटचे सायलेन्सर चकाचक करून देतात, त्याच्याबरोबर देऊन टाकायचं. संध्याकाळी आरसा होऊन परत.

कलम_दान
@माणदेशी, गंमत म्हणून ठीक, पण हे कोणी खरंच करू नका म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली अग्निशस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, या सगळ्याला स्वतंत्र परवाना लागतो. प्लेटिंगवाल्याकडे तो नसतो. त्याच्या दुकानात पिस्तूल ठेवून तुम्ही चहा प्यायला गेलात तर तो विनापरवाना शस्त्र बाळगतोय आणि तुम्ही ते त्याच्या हवाली केलंय. दोघंही अडकता.

याच कायद्यात कलम ८ आहे. बनवणाऱ्याचं नाव, नंबर, ओळखीच्या खुणा खोडणं किंवा बदलणं गुन्हा. @गंजपुराण म्हणतात तसं बफिंगमध्ये नंबर पुसट झाला, तर ‘मुद्दाम केलं नाही’ हे सिद्ध करत बसण्याची पाळी तुमच्यावर. नूतनीकरणाला शस्त्र दाखवायला नेल्यावर नंबर वाचता आला नाही तर काय होईल, कल्पना करा.

नळी बदलणं, बोअर (नळीचा आतला व्यास) बदलणं हा तर विषयच नको. मुठीच्या पट्ट्या बदलल्याने शस्त्राची ओळख बदलत नाही, तिथे अडचण दिसत नाही.

वाईकरीण
मुठीच्या पट्ट्यांवरून आठवलं. माझ्या सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरला कोणीतरी हौसेने हस्तिदंती मूठ बसवली होती. परवाना नावावर करताना त्याचीच चौकशी जास्त झाली, कारण हस्तिदंत वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. सांबरशिंगाचंही तेच. तुमच्या भावाला शिसवीवरच थांबवा.

आणि एक विचारते, राग नसावा. दसऱ्याला तुमच्याकडे शस्त्रपूजा होते का? खंडेनवमीला आमच्याकडे सगळी शस्त्रं पाटावर मांडतात, त्यांना ओलं गंध, हळद-कुंकू, वर झेंडू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तशीच. तलवारीला सवय आहे, तिला नंतर कोणीतरी घासूनपुसून ठेवतं. पिस्तुलाला मात्र ‘बिघडेल’ म्हणून कोणी हात लावत नाही आणि कुंकू तसंच राहतं.

करवीरकर
@वाईकरीण, आत्ता उठून पाहून आलो. पाटावर ते डाव्या कुशीवर ठेवतात, उजवी बाजू वर. खड्डे नेमके गंध लावतात तिथे आहेत. स्लाइडच्या मागच्या खाचांत भिंग लावून पाहिलं तर तळाला लालसर चिकट थर बसलाय. मी त्याला गंज समजत होतो, ते कुंकू आहे. निदान काही तरी.

बारा_बोअर
देवाला वाहिलं आणि देवानेच खाल्लं!

गंजपुराण
@वाईकरीण, दंडवत. शस्त्रांची पूजा जरूर करा, फक्त गंध पाटाला लावा. झेंडूच्या देठातलं पाणीही पुरेसं असतं.

तो चिकट थर दातकोरण्यासारख्या लाकडी काडीने आणि तेलाने काढा. सुई, ब्लेड, पॉलिश पेपर अजिबात नको. लाल गंज जिथे खरंच असेल तिथे तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यायचं आणि मऊ कापडाने पुसायचं. सगळा निघणार नाही, आणि निघायला हवाच असंही नाही. वाढायचा थांबला की काम झालं. हे सगळं पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं नाही, एक गोळी नळीच्या घरात असू शकते. स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं.

उजवी पट्टी स्वतः काढू नका. या वेब्लीत स्लाइडला पुढे ढकलणारी व्ही आकाराची मोठी स्प्रिंग उजव्या पट्टीखालीच असते. इतर पिस्तुलांत ती नळीखाली किंवा नळीभोवती गुंडाळलेली असते, त्यामुळे सवयीच्या माणसालाही इथे अंदाज येत नाही.

टेक्सासचा_तात्या
उशिरा आलो. इकडचा अनुभव सांगतो, तिकडे कितपत लागू पडेल ते तुम्ही ठरवा.

अमेरिकेत हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्याचं उदाहरण म्हणजे कोल्ट १९११. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातली ही पिस्तुलं लोकांना स्वस्तात मिळाली. तेव्हा त्यांना कोणी वारसा वगैरे मानत नव्हतं. नेमबाजीची हौस असलेल्यांनी त्यांच्या स्लाइडला भोकं पाडून मोठ्या साइट (नेम धरायच्या खुणा) बसवल्या, चाप हलका केला, क्रोम मारलं. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं, कारण सैन्याच्या साइट एवढ्याशा आणि नेम लागता लागत नाही. आज त्यातलंच न छेडलेलं, मूळ रंगाचं पिस्तूल निघालं तर संग्राहक रांग लावतात आणि भोकं पाडलेलं तोंड वाकडं करून बाजूला ठेवतात.

इथे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे. म्हणजे ‘मूळ स्वरूप’ ही नुसती हौशी लोकांची कटकट नाही, सरकारी कागदावरही त्याला अर्थ आहे.

माझा नियम सोपा आहे. जो बदल उलटा फिरवता येतो तो करा. मूठ बदला, जुनी डबीत ठेवा. भोक पाडलं, घासलं, रंग काढला की परतीचा रस्ता बंद.

अवांतर : करवीरकरांचं वेब्ली भारी वंशातलं आहे. जानेवारी १९११ मध्ये लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर पोलीस आणि दरोडेखोरांची चकमक झाली. दरोडेखोरांकडे माउझर पिस्तुलं, पोलिसांकडे त्यापुढे काहीच नाही. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, गृहमंत्री चर्चिल स्वतः जाऊन उभा राहिला. त्याच वर्षी लंडनच्या पोलिसांनी वेब्लीचं हे .३२ घेतलं.

माणदेशी
चर्चिल तिथे करत काय होता?

टेक्सासचा_तात्या
बघत होता. त्यावरून संसदेत टोमणेही खाल्ले.

सातारी_कंदी
तात्यांचं गणित तिकडे ठीक, इकडे बाजार उलटा आहे. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. तेव्हापासून देशात जी जुनी विलायती पिस्तुलं आहेत तीच फिरतात, नवी येत नाहीत. कानपूरचं सरकारी .३२ रिव्हॉल्व्हर मिळतं, पण विलायतीचा भाव त्याच्या कितीतरी पट. घेणारा माणूस संग्राहक नसतो. त्याला चालणारं, नावाजलेलं आणि चकचकीत हवं असतं. निकेल मारलेलं आधी विकलं जातं हे डीलर खोटं सांगत नाही.

गंजपुराण
@सातारी_कंदी, मान्य. पण धागाकर्त्याला विकायचंच नाहीये. मग गिऱ्हाइकाच्या आवडीने का सजवायचं?

उद्यमनगरी
नमस्कार. मी तो चुलतभाऊ. दादाने लिंक पाठवली, ‘बघ तुझ्याबद्दल काय म्हणतात’ म्हणून. खास खातं काढलं.

माझी बाजू कोणी मांडलीच नाही. दादा शहरात राहतो, महिन्यातून एखादवेळा येतो. मळ्यात राहतो मी. चारी बाजूंनी ऊस, शेजारी नदी, जूनपासून चार महिने भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. कपाटातली विळी गंजते तिथे रंग उडालेलं पोलाद काय टिकणार? निकेल मी निव्वळ दिखाव्यासाठी म्हणत नाही (थोडं म्हणतो). ‘ओरिजिनल’ ‘ओरिजिनल’ करत ठेवायचं आणि दहा वर्षांनी ओरिजिनल गंज बघायचा, याला काय अर्थ? आजोबांनी ते वापरायलाच घेतलं होतं. त्यांनी स्वतः सायकलला, बंबाला, बैलगाडीच्या धावेला कायम काहीतरी सुधारणा केली. ‘आहे तसं ठेवा’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कोणी ऐकलं नाही.

आणि सायलेन्सरवाल्याकडे द्यायला मी काही वेडा नाही. डीलरमार्फत परवानेवाल्या कारागिराकडेच देणार होतो.

वाईकरीण
अरे वा, प्रतिवादी स्वतः हजर! मुद्दा दमदार आहे तुमचा.

बारा_बोअर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गंजपुराण
@उद्यमनगरी, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा आहे. उघडं पोलाद दमट हवेत गंजणार, यात वाद नाही. फक्त त्यावर निकेल हा उपाय किती चांगला ते बघू.

निकेलच्या थराला बारीक छिद्र किंवा ओरखडा पडला की ओल खाली शिरते आणि गंज थराच्या आत पसरतो. वरून चकचकीत, आतून पोखरलेलं. मग एक दिवस पापुद्रा सुटतो. त्यापेक्षा करड्या जागेवर संग्रहालयांत वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवा. दमट हवेत ते तेलापेक्षा जास्त टिकतं, कारण वाहून जात नाही.

आणि ठेवता कशात ते सांगा. चामड्याच्या खोळीत असेल तर आजच बाहेर काढा. कमावलेल्या चामड्यात क्षार असतात, ते हवेतली ओल धरून पोलादाला चिकटवून ठेवतात. अर्धी जुनी पिस्तुलं खोळीनेच खाल्लीत.

उद्यमनगरी
खोळीतच आहे. आजोबांची खोळ, तपकिरी, पितळी बटणाची.

गंजपुराण
खोळ भिंतीवर लटकवा, पिस्तूल लोखंडी पेटीत कुलपात, सोबत सिलिका जेलची मोठी पिशवी. जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरा.

माणदेशी
खोबरेल तेल चालतं का? आमच्या आज्याने बंदुकीला तेच लावलं जन्मभर.

गंजपुराण
थंडीत थिजतं. तुमच्या आजोबांच्या बंदुकीचा घोडा हिवाळ्यात हळू पडत असणार.

माणदेशी
आईशप्पथ, पडायचाच! आम्ही म्हणायचो बंदूक म्हातारी झाली.

निवृत्त_हवालदार
बऱ्याच वेळाने या विषयावर काही चांगलं वाचलं. एक भर घालतो.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. छाननी समिती असते, सगळ्यांनाच जमा करावं लागतं असं नाही, पण बहुतेकांना लागतं. पोलिसांच्या मालखान्यात शस्त्र कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून इतरांच्यासोबत ठेवलेलं असतं. तिथे कोणी तेलपाणी करत नाही, करणं अपेक्षितही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जमा केलं तर परत येताना लाल झालेलं मी पाहिलंय. तेव्हा जमा करण्याआधी वरचं मेण-तेल व्यवस्थित करा, आणि पावतीवर नंबरबरोबर अवस्थाही लिहून घ्या : मूठ तडकलेली, रंग उडालेला वगैरे. परवानेवाल्या डीलरकडे जमा करता येत असेल तर तो पर्याय विचारा.

दुसरं म्हणजे गोळ्या. आजोबांच्या पेटीत जुन्या गोळ्या निघाल्या असतील तर त्या चालवू नका. काही पेटतच नाहीत, काही उशिरा पेटतात, आणि ते जास्त वाईट. जुन्या विलायती गोळ्यांच्या टोपीतले (बुडाशी असते आणि दारू पेटवते ती) क्षार नळीत राहून पाणी ओढतात, त्यानेच कित्येक चांगल्या नळ्या गेल्या. परवान्यावर नोंद करून नव्या घ्या.

करवीरकर
निघाल्यात. एका विड्याच्या डब्यात. डीलरकडे नेऊन विचारतो.

कलम_दान
विचारायला नेताना परवाना सोबत ठेवा. आणि परवान्यावरची गोळ्यांची मर्यादा बघून घ्या, जुन्याही त्यातच मोजल्या जातात.

जाता जाता वारशाबद्दल, कारण व्यक्तिगत निरोपांत बरेच जण विचारतायत. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवायचं नाही, विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानेवाल्या डीलरकडे जमा करायचं. मग वारसाने अर्ज करायचा, बाकी वारसांची हरकत नाही असं लिहून घ्यायचं. धारक हयात असतानाही देता येतं, त्याचं वय सत्तर झालं असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल तर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच अग्निशस्त्रं, वारशाने आलेलं धरून. आधी तीनची मुभा होती.

सातारी_कंदी
दोनच्या मर्यादेमुळे आमच्याकडे भाऊबंदकी झाली होती. जमिनीवरून झाली नाही तेवढी.

टेक्सासचा_तात्या
दोन! इकडे लोक दोन गाडीत विसरतात.

वाईकरीण
तात्या, त्यावर वेगळा धागा काढा, आणि तिथे आम्हाला बोलवू नका.

करवीरकर
परवा दोघंही डीलरकडे जाऊन आलो. त्याच्याकडे बसणारा कारागीर म्हातारा आहे, पिस्तूल हातात घेऊन पाच मिनिटं काही बोललाच नाही. सेफ्टीचा खटका झिजलाय म्हणाला, तो दुरुस्त होईल. स्प्रिंगही बघून घेणार. उजव्या पट्टीसाठी भावाने आणलेला शिसवी तुकडा त्याने उलटसुलट केला आणि ‘रेषा सरळ आहेत, चालेल’ म्हणाला. दोन्ही बाजूंना शिसवी बसणार, मूळच्या पट्ट्या परत मिळणार. निकेलचं विचारल्यावर त्याने भावाला विचारलं, ‘मारतो, पण हे नाव जाईल. चालेल?’ आणि स्लाइडवरच्या बर्मिंगहॅमवर बोट ठेवलं.

उद्यमनगरी
चालेल म्हणणार होतो खरं तर. पण तो जसा बघत होता ना, धीर झाला नाही. पावसाळाभर मेण लावून बघतो. भाद्रपदापर्यंत गंज वाढला तर निकेलचा विषय परत काढणार, आधीच सांगून ठेवतो.

करवीरकर
काकांना शिसवी मुठीचं अजून सांगितलेलं नाही.

बारा_बोअर
सांगू नका. दसऱ्याला झेंडूखाली झाकली जाईल.

गंजपुराण
झेंडू नको!!!

सिंधुदुर्गी
धागा छान. माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. माकडं आणि डुकरांनी वैताग आणलाय, पण बंदुकीचा लाकडी दस्ता वाळवीने खाल्लाय. नवीन बसवावा की जुनाच भरून घ्यावा? फणसाचं लाकूड घरचं आहे.

सातारी_कंदी
नळी तपासून घेतलीय का आधी? ती बाद असेल तर दस्ता कशाला.

सिंधुदुर्गी
नळी तपासायची कशी, तेच तर विचारायचं होतं.

गंजपुराण
घरी नाही. परवानेवाल्या कारागिराला दाखवा, आणि तोवर तिच्यात दारू ठासू नका. फणस चालेल, पण पुरता वाळलेला हवा. नवा धागा काढा, दस्त्याबद्दल तिथे लिहितो.